कारणाचा रकाना

पूर ओसरला की गावात पहिल्यांदा शिरणाऱ्या सरकारी माणसांत तलाठी असतो. बरोबर ग्रामसेवक आणि कृषी सहायक. हातात पंचनाम्याचे नमुने आणि खिशात दोन पेनं, कारण एक हमखास भिजतं. माझी नोकरी याच कामात गेली आणि तिची बरीच वर्षं कवठे महांकाळ तालुक्यात गेली. या पदाला आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ असं भारदस्त नाव मिळालंय. आमच्या वेळी लोक ‘भाऊसाहेब’ म्हणायचे आणि रागावले की नुसतंच ‘तलाठी’.

पंचनाम्यात सगळं असतं. खातेदाराचं नाव, गट नंबर, पीक, बाधित क्षेत्र, पडलेल्या भिंती, दगावलेली जनावरं. एक रकाना कारणाचा असतो. त्यात ‘अतिवृष्टी’ नाहीतर ‘पूर’ लिहायचं आणि पुढच्या खातेदाराकडे वळायचं. खोटं काहीच नसतं त्यात. पण पाणी गावात का शिरलं हे त्यातून कळत नाही, आणि मदत वाटायला ते कळण्याची गरजही नसते. त्या बोटभर जागेत जे मावलं नाही, ते इथं लिहितोय.

मी मूळचा वाळवा तालुक्यातला, कृष्णाकाठचा. पूर बघतच मोठा झालो. कृष्णेचा पूर सांगून येतो. महाबळेश्वर-कोयनेकडं पाऊस लागला, धरणातून विसर्ग वाढला, की सांगलीच्या इर्विन पुलाचे फूट कानावर यायला लागतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. पाणी पायरी-पायरीनं चढतं. जनावरं हलवायला, धान्य माळ्यावर टाकायला, म्हातारी माणसं पाहुण्यांकडं पोचवायला वेळ मिळतो. मग आठ-आठ दिवस पाणी गावात बसून राहतं.

कवठे महांकाळला बदलीचा आदेश आला तेव्हा घरचे म्हणाले, चला, निदान पुरातून सुटलास. तालुका पर्जन्यछायेतला. वर्षाचा सरासरी पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही सगळा परतीच्या पावसावर अवलंबून. इथली माणसं मृगाकडं फारशी आशेनं बघत नाहीत. उत्तरा, हस्त, चित्रा यांच्याकडं बघतात. टँकरच्या खेपा, चारा छावणीतल्या जनावरांची मोजणी, पैसेवारी, म्हैसाळ योजनेचं आवर्तन कधी सुटणार याची विचारपूस. हेच माझं काम असणार होतं आणि बरीच वर्षं तेच होतं.

माझ्या सज्जातून, म्हणजे माझ्याकडच्या गावांतून, अग्रणी नदी जाते. खानापूरच्या पठारावर ती उगम पावते, तासगाव तालुक्यात सावळजवरून खाली उतरते, आमच्या तालुक्यातून पुढं कर्नाटकात जाऊन कृष्णेला मिळते. नदी म्हणायची ती नकाशात. वर्षातले बहुतेक महिने तिच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळायची, लग्नाच्या वेळी गाड्या लागायच्या, शेळ्या चरायच्या. मी नवा होतो तेव्हा एका शेतकऱ्याला विचारलं, नदीला पाणी कधी येतं? तो म्हणाला, “आलं तर एका रातीत येतंय, न्हाईतर चार वर्सं येत न्हाई.”

ते मला चेष्टेचं वाटलं होतं. मग एका सप्टेंबरात ते बघायला मिळालं. गावात पावसाचा थेंब नव्हता. आभाळात चांदणं होतं. रात्री दहाच्या सुमारास पोलीस पाटलांना वरच्या गावातल्या पाहुण्याचा फोन आला की नदी सुटलीय. त्यांनी देवळाच्या भोंग्यावरून पुकारलं. काही लोक उठले, काहींना वाटलं भजनाची वेळ झाली. तासा-दीड तासात पाणी फरशी पुलावर होतं आणि त्यानंतर थोड्याच वेळात खालच्या वस्तीत. पहाटे चारला ते उतरायला लागलं, दिवस उगवेपर्यंत नदी पुन्हा आपल्या पात्रात गेली होती. मागं राहिलं ते चिखल, पाचट, प्लॅस्टिकचे पाईप आणि कुणाच्या तरी मळ्यातून उपटून आलेले द्राक्षबागेचे अँगल.

त्या पुराचा पंचनामा माझ्यासाठी शाळा ठरला. पहिला धडा पर्जन्यमापकानं दिला. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर मंडलात अतिवृष्टी धरतात. आमच्या मंडलाच्या मापकावर त्या रात्री जेमतेम भांड्याचा तळ ओला झाला होता. पाऊस पडला वर, पठारावर, दुसऱ्या तालुक्यात. ‘अतिवृष्टी’ लिहिता येईना, म्हणून ‘नदीस आलेला पूर’ लिहिलं. फाइल वरून शेरा घेऊन परत आली: मंडलात पाऊस नसताना पूर कसा, खुलासा करावा. शेरा लिहिणाऱ्याचं मला नवल वाटलं नाही. मंडल म्हणजे आमची सोय. ढगाला तिच्या हद्दी ठाऊक नसतात आणि हस्ताचा पाऊस तर एका शिवारात कोसळतो आणि बांधापलीकडं उन्हं असतात. पुढं मंडलोमंडली स्वयंचलित हवामान केंद्रं बसली, आकडे नीट मिळू लागले. तरी पाणी कुठल्या मंडलात पडलं आणि कुठल्या मंडलात घुसलं याची जोडणी त्या आकड्यांत नसते, ती माणसानं बसून करावी लागते.

दुसरा धडा घरांचा. घरात पाणी शिरलं तर कपडे आणि भांड्यांसाठी मदत मिळते, पण घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असावं अशी अट होती. ही अट बहुधा कृष्णेसारखी नदी डोळ्यांपुढं ठेवून केलेली. आमच्या वस्तीत पाणी पाच-सहा तास होतं. तेवढ्यात ज्वारीची पोती, पोरांची दप्तरं, शिलाई मशीन, गादी सगळं गेलं. एका आजीनं मला विचारलं, “दोन दीस पाणी न्हाई ऱ्हायलं म्हणून माझं जुंधळं सुकं हुत्यात व्हय?” मी काय सांगणार? पुढं मोठ्या पुरांच्या वेळी शासनानं ही अट शिथिल केली. त्या आजीच्या वर्षी ती होती.

तिसरा धडा मात्र नोकरीभर पुरला. पाणी ज्या बारा-चौदा घरांत शिरलं ती नदीच्या काठावर नव्हतीच. नदीच्या अगदी लगतची जुनी गल्ली उंचावर होती, कोरडी राहिली. बुडाली ती शाळेमागची नवी वस्ती, नदीपासून चांगली लांब. मी कार्यालयातला गावनकाशा काढला. कापडावर चिकटवलेला, घड्यांवर झिजलेला. ब्रिटिश काळातल्या मोजणीवरून आलेले हे नकाशे बघायला आमच्यातले पुष्कळ जण कंटाळतात. मला ते आवडायचे. त्यात शाळेच्या मागून दोन समांतर रेषा वाकडीतिकडी वळणं घेत नदीला मिळालेल्या होत्या. ओढा. जागेवर जाऊन बघितलं तर रेषांच्या जागी वरच्या अंगाला द्राक्षबाग, मध्ये एका रस्त्याचा भराव, खाली ही वस्ती.

मोठ्या ओढ्याला गट नंबर नसतो, तो सरकारचा. लहान ओघळ मात्र खातेदाराच्या उताऱ्यातच असतो, पोटखराबा वर्ग ‘ब’ म्हणून. म्हणजे जमीन तुमच्या नावावर, पण ती पाण्याच्या किंवा रस्त्याच्या वहिवाटीची, लागवडीची नव्हे. हे वाचणारा शेतकरी मला क्वचितच भेटला. बागवाल्याशी बोललो तेव्हा त्यानं सातबारा माझ्यापुढं धरला.

“भाऊसाहेब, नाव कुणाचं हाय?”

“तुमचंच.”

“मग वड्याचं नाव कुठं हाय?”

त्याच्याशी भांडायला मला जमलं नाही आणि आजही त्याला खलनायक म्हणवत नाही. त्याच्या बापानं तिथं मुरमावर बाजरी घेतली, चार वर्षांतून एकदा पिकली. यानं टिपरनं काळी माती आणून ओघळ भरला, रान एकसारखं केलं, सोसायटीचं कर्ज काढून बाग उभी केली. त्या बागेवर त्याची पोरगी नर्सिंगला गेली. ओघळ भरला तेव्हा त्यातून कित्येक वर्षं पाणी गेलेलं नव्हतं. २०१२-१३ च्या दुष्काळात तर ओढा म्हणजे काय हे लहान पोरांना सांगावं लागलं असतं. कोरडी जमीन सलग कोरडी राहिली की माणूस तिला कोरडीच धरतो.

आणि खालच्या वस्तीतले? ते बहुतेक भूमिहीन किंवा एखाद्या एकराचे मालक. गावठाणात जागा शिल्लक नव्हती तेव्हा सखल म्हणून कुणालाही नको असलेला तुकडा त्यांच्या वाट्याला आला. ओघळ कुणी बुजवला आणि पाणी कुणाच्या चुलीत गेलं, यांची नावं माझ्या दोन वेगवेगळ्या याद्यांत होती. बागवाल्याचंही नुकसान झालंच. त्याच्या बागेचा पंचनामाही मीच केला. तेहतीस टक्क्यांच्या वर भरला, मदतीला पात्र झाला. नियमाप्रमाणं बरोबर.

त्यानंतर प्रत्येक पुरात मी पंचनाम्याबरोबर एक वेगळी वही ठेवायला लागलो. तिला कार्यालयीन किंमत शून्य. पाणी कुठून आलं, कुठं अडलं, कुठं फुटलं, एवढंच त्यात. आज ती चाळतो तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरते. पुराची म्हणून जी जी कारणं मी टिपली, त्यातलं जवळजवळ प्रत्येक काम कधी ना कधी दुष्काळावरचा उपाय म्हणून, नाहीतर गावाच्या भल्यासाठी झालेलं होतं. त्यामुळं ‘हे कुणी केलं?’ असं विचारलं की अख्खं गाव गप्प बसायचं. सगळ्यांनीच ते मागितलेलं असायचं.

खोलीकरणाचं बघा. २०१४ च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं आणि अग्रणीचं पात्र रुंद-खोल करायचं काम जोरात निघालं. मी त्याचा साक्षीदार आहे आणि त्याचं भलंही मी बघितलंय. विहिरींना पाणी चढलं, टँकर कमी झाले, जानेवारीत आटणारी बोअर मार्च गाठायला लागली. वेडी बाभूळ पात्रातून उपटली तेव्हा लोकांनी नारळ फोडले. पण काढलेला गाळ-मुरूम न्यायचा कुठं? ज्यांना हवा होता त्यांनी नेला, उरलेला दोन्ही काठांवर ढीग घालून ठेवला. एक-दोन पावसाळ्यांत त्याचे कट्टे झाले. नदीचं पाणी बाहेर येऊ नये म्हणून ते कट्टे बरे, असं वाटतं. झालं उलटंच. शिवारातलं पाणी नदीत उतरेना. ते कट्ट्याला तटून रानातच तुंबलं आणि जिथं कट्टा सखल होता तिथून एकदम फुटलं. शिवाय गावाच्या वर नदी ऐसपैस झाली आणि गावापाशी फरशी पुलाच्या त्याच जुन्या मोऱ्या. पाणी वरून वेगानं आलं आणि मोऱ्यांना पाचट-बाभळीचा बोळा बसला की पूल बांधासारखा वागतो.

ताली, म्हणजे उताराला आडवे घातलेले बांध, हाही तसाच विषय. बाहत्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर या भागात मैलच्या मैल ताली घातल्या गेल्या. माळाचं पाणी जागोजाग थांबायचं, मुरायचं. आता माळावर बाग आली, ट्रॅक्टरला वळायला जागा पाहिजे, तार सरळ ओढायला रान सलग पाहिजे, म्हणून ताली मोडल्या. माळावरचं पाणी पूर्वी वाटेत दहा ठिकाणी बसून यायचं, आता धावत येतं. म्हातारे शेतकरी हे न विचारता सांगतात. तरणे शेतकरी म्हणतात, ताल ठेवली तर दोन ओळी जातात. दोन ओळींचा भाव मला माहीत आहे. मीही शेतकऱ्याचा मुलगा आहे.

म्हैसाळच्या पाण्याबद्दल बोलायला जीभ कचरते, कारण ते पाणी आलं नसतं तर हा तालुका आज असा दिसला नसता. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून इथल्या माळावर येतं हे बघून मला अजून भारावायला होतं. उन्हाळ्यात त्या पाण्यानं तलाव, ओढे, बंधारे भरून घेतात. म्हणजे परतीचा पाऊस येतो तेव्हा पूर्वी रिकामी असलेली भांडी काही वर्षी आधीच निम्मी-अर्धी भरलेली असतात. तलाव लगेच सांडव्यावरून वाहायला लागतो. एका ग्रामसभेत मी सहज म्हणालो, सप्टेंबरात तलावात थोडी जागा मोकळी ठेवायला हवी. मागून आवाज आला, “रिकामा ठेवा म्हणणाऱ्याला आदी टँकरच्या रांगंत हुबा करा.” हशा झाला. मीही हसलो. तो विषय पुन्हा निघाला नाही.

या सगळ्याची गाठ एकदाच पडलेली बघितली ती २०२० च्या ऑक्टोबरात. बंगालच्या उपसागरातलं वादळी क्षेत्र १३ ऑक्टोबरला काकीनाड्याजवळ जमिनीवर आलं आणि हैदराबादला झोडपत सोलापूर-सांगलीकडं सरकलं. करोनाचे दिवस होते, मास्क लावून फिरत होतो. सप्टेंबरही चांगला झालेला, जमीन तट्ट फुगलेली, विहिरी काठोकाठ. आणि नदीवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बर्गे घातलेले होते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: या बंधाऱ्याच्या खांबांमध्ये लोखंडी फळ्या बसवतात, त्या म्हणजे बर्गे. पावसाळाभर ते काढून ठेवायचे, पाणी मोकळं जाऊ द्यायचं. पाऊस सरता सरता, साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर, ते घालून पाणी अडवायचं. ही रीत पश्चिमेकडच्या पावसाला धरून आहे. आमचा मोठा पाऊस नेमका त्याच सुमारास येतो. बर्गे लवकर घातले तर पुराची भीती, उशिरा घातले तर नदी वाहून गेलेली आणि समोर अख्खा उन्हाळा. त्यातून काढून ठेवलेले बर्गे चोरीला जातात, भंगारात लोखंडाला बरा भाव असतो. म्हणून घातलेले बर्गे घातलेलेच बरे, असं कुणालाही वाटावं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात याच प्रश्नावर पारावर दोन तट पडले होते. काढा म्हणणारे वरच्या अंगाचे, राहू द्या म्हणणारे ज्यांच्या मोटारी बंधाऱ्याच्या फुगवट्यावर होत्या ते. ठरलं काहीच नाही, म्हणून बर्गे राहिले.

१४ तारखेच्या रात्री पाणी आलं. पोरं चेन ब्लॉक घेऊन बंधाऱ्यावर गेली, पण पाण्याचा दाब बसल्यावर बर्गा हलत नाही. दोन निघाले, तिसऱ्याला साखळी तुटली. मी त्यांना ओरडून माघारी बोलावलं. तिथं थांबले असते तर पंचनाम्याचा प्रकार बदलला असता. पाणी बंधाऱ्यावरून गेलंच, पण त्यापेक्षा वाईट म्हणजे ते बगलेनं गेलं. बंधारा जागच्या जागी राहिला आणि त्याच्या शेजारची काठाची जमीन नदीनं कापून नेली. सकाळी, जिथं उभी बाग होती त्या जागी आडवे अँगल आणि पांढऱ्या मुळ्या लोंबकळत होत्या. नुकतीच फळछाटणी झालेली, घड दिसायला लागलेले. ज्यांच्या बागा उभ्या राहिल्या त्यांना पुढं दावण्या रोगानं गाठलं.

‘जमीन खरवडून गेलेली’ आणि ‘तीन इंचांपेक्षा जास्त गाळ साचलेली’ असे दोन वेगळे प्रकार पंचनाम्यात असतात. त्या दिवशी एकाच बांधाच्या अल्याड-पल्याड दोन्ही होते. एकाची माती दुसऱ्याच्या रानात. मातीवाल्याचा राग नदीवर नव्हता, पारावर ‘राहू द्या’ म्हणणाऱ्यांवर होता. आणि त्यातला मोठ्यानं बोलणारा त्याचा सख्खा चुलतभाऊ होता.

याच्या आदल्याच वर्षी, २०१९ च्या ऑगस्टात, आमच्यापैकी अनेकांना पश्चिमेकडं पंचनाम्यांसाठी पाठवलं होतं. इर्विन पुलाची पातळी ५७ फुटांवर गेलेली, २००५ चा विक्रम मोडलेला. चमत्कारिक महिना होता. सकाळी मी मिरज-पलूसकडच्या गावात नाकाला रुमाल बांधून कुजलेल्या उसाच्या याद्या करायचो आणि माझ्या स्वतःच्या सज्जात त्याच दिवसांत टँकर चालू होते. एकाच जिल्ह्यात, पन्नास-साठ किलोमीटरच्या अंतरात.

तिकडं प्रत्येक ओट्यावर एकच प्रश्न होता: आलमट्टीनं केलं का? कर्नाटकातलं १२३ टीएमसीचं ते धरण, त्याचा फुगवटा मागं येतो म्हणून सांगली बुडते, ही समजूत तिथं घट्ट आहे. पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० मध्ये अहवाल दिला, त्यात आलमट्टीला दोष दिला नाही. कमी दिवसांत पडलेला प्रचंड पाऊस, नदीपात्रातली आणि पूररेषेतली अतिक्रमणं यांवर बोट ठेवलं. लोकांना ते पटलं नाही. आलमट्टीची उंची वाढवायचा विषय निघाला की आजही सांगली-कोल्हापूर पेटून उठतं. कोण बरोबर हे ठरवायची माझी पात्रता नाही. मला तिथं जाणवलं ते वेगळंच: बोट दाखवायला शेजारचं राज्य असलं की गावात भांडण होत नाही. कृष्णाकाठची भावकी पुरात एक होते. आमच्या पूर्वभागाला आलमट्टी नाही. अग्रणीच्या पुराची कारणं सगळी बांधाला बांध लागून राहणाऱ्यांची. म्हणूनच ती तोंडावर येत नाहीत. सगळे ‘अतिवृष्टी’ म्हणतात आणि तेच बरंही वाटतं. अतिवृष्टीला चुलतभाऊ नसतो.

कायदा यावर काही करत नाही का, असं शहरातले विचारतात. करतो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६. त्याच्या कलम ५ खाली शेतात नैसर्गिक वाहणारं पाणी कुणी अडवलं तर तहसीलदार ते मोकळं करायचा आदेश देऊ शकतात. स्थळपाहणीला तलाठी-मंडल अधिकारी जातात. चांगला कायदा आहे, वकील न लावता चालतो. पण दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दाखल करावा लागतो. आमच्याकडं ओघळ बुजवतात उन्हाळ्यात, काम नसतं तेव्हा. त्यातून पाणी येतं तीन-चार वर्षांनी. पाणी घरात शिरल्यावर माणूस धावत येतो, “अडवलंय वो!” म्हणतो, आणि मी विचारतो, कधी अडवलं? त्याच्या उत्तरातच त्याचा दावा संपलेला असतो. आणि सुक्या ओढ्यासाठी, ज्यातून आज काही वाहत नाही अशा रेघेसाठी, भावकीशी कोर्टात जाणारा माणूस मला एकही भेटला नाही.

रस्त्याच्या भरावाची गोष्ट थोडक्यात. शाळेमागच्या त्या ओढ्यावर नव्या भरावात सिमेंटचे दोन पाईप टाकले होते. काम चालू असताना गावानं मोठी मोरी मागितली, अर्ज दिला, पोच घेतली. उत्तर आलं की आराखड्यात ओढा दिसत नाही. आराखडा करणाऱ्यांनी जागेवर बघितलं असेल तर त्यांना बाग दिसली असेल. ओढा कसा दिसेल? मी गावनकाशाची प्रत जोडून पत्र दिलं. पुढं काय झालं ते पाईप सांगतात. ते अजून दोनच आहेत.

निवृत्तीच्या थोडं आधी एक बरी गोष्ट घडली, तीही अर्धवट. २०२० नंतर वस्तीतल्या बायकांनी ग्रामसभेत पाण्याचाच विषय लावून धरला. घरकुलं नकोत, आधी ओढा काढा म्हणाल्या. मी नकाशा भिंतीवर लावला. जुन्या माणसांना ओळख पटायला वेळ लागला नाही. एकानं तर ओढ्याकाठचं चिंचेचं झाड कुठं होतं तेही दाखवलं. बाचाबाची पुष्कळ झाली. पण शेवटी त्या बागवाल्यानंच, ज्यानं माझ्यापुढं सातबारा धरला होता, आपल्या दोन कडेच्या ओळी काढून चर सोडायची तयारी दाखवली. उपकार म्हणून नव्हे, हेही त्यानं स्पष्ट सांगितलं. त्याची बाग दोनदा तुंबली होती आणि तुंबलेल्या पाण्याला वाट दिली तर उरलेली वाचते हा त्याचा हिशोब होता. मला हा हिशोब कुठल्याही उदारपणापेक्षा भरवशाचा वाटला.

त्याच्या वरच्या दोघांनीही मग चर सोडला. जेसीबीचं डिझेल ग्रामपंचायतीनं दिलं. रस्त्याच्या वरच्या अंगाला ओढा पुन्हा ओढ्यासारखा दिसायला लागला, पहिल्याच पावसात त्यातून पाणी आलं, भरावाला तटलं, दोन पाईपांतून जेवढं जाईल तेवढं गेलं. वस्तीत त्या वर्षी शिरलं नाही, पण पाऊसही तसा मोठा नव्हता; त्यावरून काही ठरवू नये.

रस्त्याखालच्या दोन गटांचं मात्र अडलंय. त्यांचं म्हणणं, ओढा नेमका कुणाच्या हद्दीतून होता ते सरकारी मोजणीनं ठरू द्या, मग जागा सोडू. मागणी रास्त आहे. नवा ग्राम महसूल अधिकारी हुशार पोरगा आहे, मला अधूनमधून फोन करतो. मागच्या वेळी त्यानं विचारलं, मोजणीची फी कुणी भरायची? ग्रामपंचायत म्हणते शेतकऱ्यांनी, शेतकरी म्हणतात ओढा सरकारचा, सरकारनं. मी त्याला म्हटलं, वस्तीतल्या बायकांना विचार, त्यांनी भिशीतून निम्मी भरायची तयारी मागंच दाखवली होती. तो म्हणाला, भरली की. उरलेल्या निम्म्यावर अडलंय.